वाईट खेळण्याचा हक्क

उंच कड्याच्या टोकावर केलेथ उभी आहे. अर्धी एल्फ, अर्धी माणूस. निसर्गाची जादू जाणणारी, हव्या त्या प्राण्याचं रूप घेणारी. खाली पाणी आहे. ती उडी मारते आणि पडता पडता सोनेरी मासा होते. गरुड नाही, वटवाघूळ नाही, मासा. पाण्यातच पडायचंय तर मासा बरा, असा तिचा सरळसोट हिशोब. कड्यावरून पडणाऱ्या माशाचं जे व्हायचं तेच होतं. टेबलाभोवतीचे लोक आधी अवाक होतात, मग पोट धरून हसतात. साथीदार तिला मंत्राने उठवतात आणि गोष्ट पुढे जाते.

केलेथच्या वतीने टेबलावर बसली होती मरीशा रे. 'क्रिटिकल रोल' हा कार्यक्रम मार्च २०१५ मध्ये इंटरनेटवर सुरू झाला. कार्टूनना आणि व्हिडिओ गेमना आवाज देणारे लॉस एंजेलिसमधले काही मित्र आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि तीन-चार तास डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी, हा खेळ खेळायचे. मॅथ्यू मर्सर हा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निवाडा करणारा. पहिली मोहीम, म्हणजे त्यांची पहिली लांबलचक गोष्ट, ऑक्टोबर २०१७ मध्ये संपली तेव्हा ११५ भाग झाले होते. माशाचा तो किस्सा चाहत्यांचा आजही लाडका आहे. पण त्या वर्षांत मरीशा रेला जे ऐकून घ्यावं लागलं त्यात लाड फारसे नव्हते. हिला नियम येत नाहीत. ही मंत्र चुकीचे वापरते. ही फार बोलते, उगाच नीतीअनीतीचे प्रश्न काढून सगळ्यांना थांबवते. आणि मर्सरची जोडीदार आहे म्हणून हिचं सगळं खपवून घेतात. भाग संपला की यादी तयार. यादी सुरू व्हायची ती केलेथवरून, आणि पोचायची ती बाईच्या आवाजावर, चेहऱ्यावर, लग्नावर.

माझं म्हणणं असं आहे की या खेळात वाईट खेळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो प्रसिद्ध माणसालाही आहे. नियमपुस्तकात तो कुठे वेगळा लिहिलेला नाही, कारण तो काढून घेतला तर खेळच उरत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भातुकलीला जाड नियमपुस्तकं आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे दिले की जे होईल, ते म्हणजे डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. प्रत्येकाचं एक पात्र असतं. डंजन मास्टर म्हणतो, समोर दार आहे, आतून कुणीतरी घोरतंय, काय करता? तुम्ही म्हणता, लाथ घालतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर दार बिजागऱ्यांसकट आत. एक पडला तर बहुतेक टेबलांवर तुमचा पाय दारात अडकलेला असतो आणि घोरणं थांबलेलं असतं. सरासरी विसात एकदा फजिती व्हायचीच, अशी सोय या खेळाच्या हाडात आहे. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट तेवढी होते. आणि नंतर सांगण्यासारखी गोष्ट बहुतेक वेळा मूर्खपणातून होते. गरुड झालेली केलेथ सुखरूप उतरली असती आणि तो भाग कुणाला आठवलाही नसता.

चाळीसेक वर्षं या खेळाला प्रेक्षक असे नव्हतेच. खोलीत जितके तितके सगळे खेळणारे. कंटाळलेला एखादा भाऊ पलंगावर लोळत ऐकत असेल, तेवढाच काय तो. मग कॅमेरा आला आणि खेळणाऱ्यांहून बघणारे कित्येक पटींनी वाढले. बघणाऱ्यांनी आपले जुने हक्क सोबत आणले. नाटकाला तिकीट काढलंय, तर नट पाठांतर करून आला पाहिजे. क्रिकेटला बसलोय, तर ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडला पाहिजे. पण इथे पाठ करायला संहिता नाही आणि प्रत्येक चेंडूला एक योग्य फटकाही नाही.

आपल्याकडे हे काका सगळ्यांनी पाहिलेत. गणपतीच्या जागरणाला पत्त्यांचा डाव बसतो, आणि स्वतः खेळायला न बसणारे एक काका एकेकाच्या पाठीमागे उभे राहून "अरे, ते पान का टाकलंस?" म्हणत हिंडतात. चिडचिड होते, पण काका एकच असतात आणि कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला की थोडा वेळ गप्प बसतात. शिवाय रमीत योग्य पान असतं तरी. 'क्रिटिकल रोल'च्या खेळाडूंच्या पाठीमागे हजारो काका उभे होते, आणि ते ज्या पानाबद्दल भांडत होते ते पान त्या डावात नव्हतंच.

आता एक तुलना, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. पहिल्या मोहिमेच्या अखेरीला पाहुणा म्हणून आला ज्यो मँगानिएलो, हॉलिवूडचा उंचापुरा नट. लॉस एंजेलिसच्या आपल्या घराच्या तळघरात तो डी अँड डीचे डाव लावायचा. विन्स वॉन, गिटारवादक टॉम मोरेलो, कुस्तीगीर बिग शो असली मंडळी तिथे खेळायला यायची. त्याचं पात्र होतं आर्कन, एका दुष्ट ड्रॅगनदेवतेचा भक्त. वीरांनी शेकडो तासांच्या मोहिमेनंतर खलनायक वेक्नाला हरवलं, आणि त्या क्षणी आर्कनने सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वेक्नाचा जादूचा हात स्वतःला जोडून घेतला आणि पसार झाला. पाहुणा म्हणून येऊन यजमानांच्या विजयातला ऐवज पळवला म्हणा ना! चाहते काय म्हणाले? वा, काय पात्र जगतो हा माणूस! २०१९ मध्ये निघालेल्या डी अँड डीच्या अधिकृत साहस-पुस्तकात आर्कन त्या हातासकट हजर झाला.

मलाही तो प्रसंग आवडतो. दगाबाज पात्राने दगा दिला, यात चूक काय? पण मग भाबड्या, स्वतःच्या निर्णयांवर शंका घेणाऱ्या पात्राने भाबडेपणा केला, शंका घेतल्या, तर त्यात चूक कुठली? एकाच्या बाबतीत तो अभिनय ठरला आणि दुसरीच्या बाबतीत अडाणीपणा.

कुणी म्हणेल, मँगानिएलो पाहुणा म्हणून आला नि गेला. रोजच्या माणसाचे दोष जास्त दिसतात. हे काही अंशी खरं आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांबद्दल लिहून ठेवलंय की पडद्यावरच्या माणसाशी आपली एकतर्फी ओळख होते, आणि ती आपल्याला खऱ्या ओळखीसारखीच वाटू लागते. त्यांच्या काळात ही ओळख अर्ध्या-एक तासाच्या कार्यक्रमापुरती होती. इथे दर गुरुवारी चार तास, सलग वर्षानुवर्षं. सख्ख्या मावशीकडेही आपण एवढं बसत नाही. घरच्या माणसाला बोलायचा हक्क आपल्याला आहेच असं वाटू लागतं, फक्त त्या घरच्या माणसाला आपण कोण हे ठाऊक नसतं.

पण सवयीने सगळा उलगडा होत नाही. हॉलिवूडचा नट विन डीझेल घ्या. २००४ मध्ये या खेळाच्या तिशीनिमित्त निघालेल्या पुस्तकाला त्याने प्रस्तावना लिहिली. स्वतःच्या जुन्या पात्रावर बेतलेला चेटूक-शिकाऱ्याचा सिनेमा त्याने २०१५ मध्ये केला, आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी मर्सरने कॅमेऱ्यासमोर त्याच्याबरोबर एक डाव मांडला. त्या डावात डीझेलने कुठला नियम कुठे चुकवला याची वही कुणी घातल्याचं मला दिसलं नाही. सिनेमात सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलचा खेळ थोडा वेगळा, वॉरहॅमरचा. पण २०२० मध्ये त्याने छोटे सैनिक रंगवतानाचा फोटो टाकला तेव्हा दुनियाभरच्या खेळाडूंना घरचं लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. पिळदार दंडाचा सुपरमॅन आपल्यासारखाच ब्रश घेऊन बसलाय! आनंद खराच होता. मला प्रश्न पडतो तो एवढाच की असं स्वागत फेलिशिया डेच्या वाट्याला का आलं नाही. ज्या 'गीक अँड संड्री' वाहिनीवर 'क्रिटिकल रोल' जन्माला आला ती वाहिनी उभी करणारी ही बाई. २०१२ मध्ये एका गेमिंग-लेखकाने जाहीरपणे विचारलं की हिचा या क्षेत्राला उपयोग काय, की नुसती शोभेची बाहुली आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये गेमिंगच्या जगात बायकांविरुद्ध मोहीम पेटलेली असताना तिने लिहिलं की मला या विषयावर बोलायची भीती वाटते, कुणीतरी माझा पत्ता शोधून काढेल. ते छापून आल्यावर काही वेळातच खाली प्रतिक्रियांत तिचा पत्ता टाकला गेला.

इथे प्रामाणिकपणे एक नोंद केली पाहिजे. डेबोरा अ‍ॅन वोल ही 'डेअरडेव्हिल'मधली नटी स्वतः डंजन मास्टर आहे. एका मुलाखतीत तिने जॉन बर्नथल या सहकलाकाराला, ज्याला खेळाचा गंध नव्हता, दोन-चार वाक्यांत गोष्टीत असं काही ओढून घेतलं की तो तुकडा जगभर फिरला आणि सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. म्हणजे बाईचं कौतुक होतच नाही असं नाही. पण ते कशाबद्दल झालं बघा. तिच्या प्रावीण्याबद्दल. ती परीक्षेत पहिली आली. मरीशा रे काठावर पास व्हायची म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. पुरुषाला मात्र परीक्षा न देताच प्रवेश मिळाला. माझा हक्काचा मुद्दा इथे आहे. उत्तम खेळणाऱ्याला हक्काची गरजच नसते. हक्क लागतो तो फासा चुकीचा पडल्यावर.

परीक्षा घेणाऱ्यांचा राग कुठून येतो हे मला कळतं, आणि त्याची टिंगल करावीशी वाटत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात हा खेळ सैतानाचं दार समजला जायचा. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि खेळाचा त्याच्याशी संबंध नसतानाही बोटं खेळाकडेच गेली. पुढे एका दुःखी आईने मुलाच्या आत्महत्येनंतर या खेळाविरुद्ध संघटनाच काढली. शाळेत फासे सापडले तर पालकांना बोलावणं, चर्चमध्ये प्रवचनं, आणि मधल्या सुट्टीत दांडगट मुलांचा मार वेगळा. अशा पोराने तीस वर्षं जपलेली गोष्ट आज एखादा देखणा नट मासिकाच्या मुखपृष्ठावर मिरवतो, तेव्हा त्याला वाटतं, मला मारणारे तर असेच दिसायचे. आता तुम्ही माझं घरही घेणार?

वाटणं खरं आहे, पण माणूस चुकीचा धरलाय. स्टीफन कोल्बेर हा अमेरिकी टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांमुळे गाजलेला माणूस. तोही साउथ कॅरोलिनात लहानपणी हाच खेळ खेळणारा पोर होता. विल व्हीटनचं तर काय सांगावं! 'स्टार ट्रेक'मधल्या वेस्ली क्रशर या हुशार पोराची भूमिका त्याने १९८७ मध्ये विशीतही न पोचता केली, आणि इंटरनेटच्या त्या बाल्यावस्थेत, चित्रंसुद्धा दिसत नव्हती तेव्हा, वेस्लीने 'मरावं, मरावं, मरावं' एवढंच नावात असलेला एक गट निघाला होता. त्या मुलाने मोठेपणी २०१२ मध्ये फेलिशिया डेच्या वाहिनीवर टेबलावरच्या खेळांचा कार्यक्रम सुरू केला, घरोघरी लोकांनी खेळावं म्हणून. मार खाल्लेल्यांच्याच यादीतली ही नावं आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. हा आता मित्रांचा घरचा डाव राहिलेला नाही, असं टीकाकार म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. २०१९ मध्ये 'क्रिटिकल रोल'ने अ‍ॅनिमेशनसाठी चाहत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. ८८,८८७ जणांनी मिळून १ कोटी १३ लाखांहून जास्त दिले. २०२१ मध्ये ट्विच या संकेतस्थळाची माहिती फुटली तेव्हा सगळ्यांत जास्त कमाई याच वाहिनीची दिसली, दोनेक वर्षांत सुमारे ९६ लाख डॉलर. एवढे पैसे घेणाऱ्याला प्रेक्षकाने प्रश्न विचारायचा नाही?

विचारायचाच. आणि विचारला की काय होतं तेही बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये या मंडळींनी वेंडीज या बर्गरच्या साखळीने काढलेला जाहिरातवजा खेळ खेळला. टोमॅटो तोडणाऱ्या शेतमजुरांच्या हक्कांसाठी चाललेल्या कार्यक्रमात ही कंपनी सामील होत नाही, असं चाहत्यांनी सुनावलं. त्यांनी तो भाग काढून टाकला आणि त्यातला नफा शेतमजुरांच्या संस्थेला दिला. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट इतरांना खेळाच्या नियमांवर पुस्तकं काढू देणारा जुना खुला परवाना मोडीत काढून इतरांच्या पुस्तकांवर हिस्सा मागणार, असा मसुदा बाहेर आला. खेळाडूंनी पैसे भरून घेतलेली सदस्यत्वं पटापट रद्द केली. महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम कायमचे मोकळे करून टाकले. हॅस्ब्रोसारख्या जगड्व्याळ खेळणीवाल्याची उपकंपनी चाहत्यांपुढे वाकली. या रागाला मी मनापासून सलाम करतो. त्याला पत्ता होता, मागणी होती, आणि मागणी मान्य झाल्यावर तो थांबला.

केलेथवरच्या रागाची मागणी काय होती? मरीशा रेने नेमकं काय केलं असतं म्हणजे तो थांबला असता? नियम पाठ केले असते तर 'पाठ करून आली' म्हटलं असतं, गप्प बसली असती तर 'रस घेत नाही'. मागणी पुरी होऊ शकत नाही, तिथे टीका नसते, नुसता छळ असतो. दोन्हींत फरक करायला मला एवढी एक फूटपट्टी पुरते.

उलट बाजूच्या एका टोळीबद्दलही बोललं पाहिजे. 'भाग लांबला' म्हणणाऱ्यालासुद्धा द्वेष्टा ठरवून अंगावर धावून जाणारे चाहते या गटांत कमी नाहीत. मला स्वतःला चार तासांतला निदान एक तास कंटाळा येतो; आवाजी कलाकार एकमेकांकडे बघून भावुक व्हायला लागले की मी स्वयंपाकघरात जातो. हे म्हणायला बंदी असेल तर तेही नको. कंटाळा आला म्हणणं वेगळं आणि त्या माणसाने बसूच नये म्हणणं वेगळं.

निळू फुल्यांना गावोगावच्या बायाबापड्या खऱ्याखुऱ्या शिव्या घालायच्या, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. नटाला मिळालेली पावती म्हणून. 'क्रिटिकल रोल'च्याच टेबलावर बसणारी लॉरा बेली हिने २०२० च्या एका व्हिडिओ गेममध्ये अ‍ॅबी या पात्राला आवाज दिला. ते पात्र गोष्टीत लोकांच्या आवडत्या नायकाला मारतं. बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तिच्या लहान मुलापर्यंत पोचलेल्या. तिने त्यातल्या काही जगासमोर ठेवल्या. ही पावती नव्हे. निळूभाऊंना शिवी देणारी बाई तंबूतून बाहेर पडून घरी गेली, चुलीपाशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी कदाचित त्यांच्याच सिनेमाला पुन्हा गेली. शिवी देऊन झालेली होती. इथे शिवी देणाऱ्याने घरी जायचं म्हणजे कुठे जायचं? तो घरीच आहे, फोन उशाशी आहे, आणि त्याची कालची शिवी आज आणखी चारशे जणांना आवडलेली आहे.

बेली आणि रे यांना या सगळ्याने संपवलं नाही. दोघी त्या टेबलावर टिकल्या. रे तर २०१८ पासून कंपनीची क्रिएटिव्ह डायरेक्टर आहे. प्रसिद्ध माणसांकडे वकील असतात, मित्र असतात, भिंती असतात. मला काळजी आहे ती ज्यांच्या भोवती भिंती नाहीत त्यांची, कारण हे सगळं ते वाचत असतात. 'मर्सर इफेक्ट' असा शब्दच आहे: नवा खेळाडू कार्यक्रम बघून येतो आणि आपल्या साध्या डंजन मास्टरकडून मर्सरचे पन्नास आवाज मागतो. स्वतः मर्सर सांगत आलाय की माझी पद्धत ही एक पद्धत, खेळण्याचा एकच मार्ग नाही. या इफेक्टची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. नवा खेळाडू, आणि नवी खेळाडू जास्त, कार्यक्रमाखालच्या प्रतिक्रिया वाचून येते आणि स्वतःच घाबरते.

आमचा डाव २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर सुरू झाला आणि आता एक आड एक शनिवारी कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये बसतो. फासे स्टीलच्या परातीत टाकायचे, म्हणजे सोफ्याखाली जात नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजी आवाजाची तक्रार करतात. मध्यंतरी माझी मावसबहीण पहिल्यांदा आली. तिने सगळे कार्यक्रम पाहिलेले, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. पात्र म्हणून ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारी, घेतली, केलेथसारखीच. आणि पहिल्या तासात तोंडातून शब्द नाही. वेळ आली की फोन काढायची, मंत्राचा मजकूर वाचायची, परत वाचायची. "हे चालेल ना रे दादा? नक्की? नंतर कुणी म्हणायला नको." कोण म्हणणार होतं? खोलीत आम्ही पाच जण, त्यात एकाला झोप लागलेली.

आमचा डंजन मास्टर बँकेत आहे, त्याला पन्नास आवाज येत नाहीत. एकच येतो, तोही सर्दीचा. त्याने तिचा फोन उचलून टीव्हीच्या मागे ठेवला. म्हणाला, पूल तुटतोय, तू मधोमध आहेस, काय करतेस?

तिने आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हैस होते."

"पुलावर?"

"हो. म्हैस."

परात वाजली. खालून आजींनी छताला काठी ठोकली. तीन पडले होते.